भाचीचा कॉलेज निबंध: जून ते जानेवारी, कामाच्या नोंदी

८ जून २०२५

भाची बारावी सायन्सला, डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. अमेरिकेतल्या काही कॉलेजांना अर्ज करायचा आहे, पण पुरेशी शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर गोव्यात बीएस्सी. मी मामा, पणजीत एका दैनिकात उपसंपादक. दुसऱ्याची कॉपी कापणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून ताईने हे काम माझ्या गळ्यात घातलं. त्याआधी ती दोघं एका सल्लागाराकडे जाऊन आली होती. त्याने निबंधासकट सगळ्या कामाचे दीड लाख सांगितले. भावोजींनी चहा अर्धा टाकला आणि उठले.

या नोंदी फोंड्याच्या पुतण्यासाठी, पुढच्या वर्षी त्याचा नंबर आहे. आणखी कुणाच्या कामाला आल्या तर उत्तमच.

कॉमन ॲप नावाचा एक सामाईक अर्ज आहे. त्यात एकच मुख्य निबंध लिहायचा आणि तोच सगळ्या कॉलेजांना जातो. किमान २५० शब्द, कमाल ६५०. विषय सात दिलेले असतात, त्यातला सातवा म्हणजे तुम्हाला हवा तो. विषय निवडण्यावर लोक आठवडे घालवतात. आम्ही सातवा धरला आणि पुढे गेलो.

निबंधाआधी कॉलेजांची यादी. बरीच अमेरिकन कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची पीडीएफ काढतात. त्यात ‘सी ७’ या तक्त्यात निबंधाला ते कॉलेज किती महत्त्व देतं ते लिहिलेलं असतं, आणि ‘एच ६’मध्ये परदेशी मुलांना आर्थिक मदत देतं की नाही, किती जणांना, सरासरी किती. हे दोन तक्ते बघितल्यावर भाचीच्या यादीतली अर्ध्याहून जास्त नावं गळली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी थोडी कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही घरच्या पैशाकडे न बघता प्रवेश ठरवतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की दार अरुंद होतं. हे आधी कळलेलं बरं.

२२ जून

पहिला खर्डा आला. पहिलंच वाक्य, मराठीत सांगायचं तर: ‘गोवा म्हटलं की लोकांना समुद्रकिनारे आठवतात, पण खरा गोवा वेगळाच आहे.’ पुढे देवळं, कुळागरं, चार शतकांचा इतिहास, आजीचे संस्कार आणि शेवटी विज्ञानाची आवड. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पर्यटन खात्याने छापायला हरकत नाही.

दोष तिचा नाही. बोर्डाच्या परीक्षेत निबंध असाच लागतो: प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप, जमलं तर एक सुभाषित. पेपर तपासणारा मुद्दे मोजतो. इथे वाचणाऱ्याच्या हातात तिचे गुण, शिक्षकांची पत्रं, उपक्रमांची यादी हे सगळं आधीच असतं. त्याला या पानातून एवढंच हवं की ही मुलगी काय बघते आणि बघून काय करते. खर्ड्यात ती कुठे होती ते शोधायला गेलो, तर सापडली ती ‘मला अभिमान आहे’ या वाक्यात.

पूर्ण रद्द.

६ जुलै

दुसरा खर्डा भावोजींच्या खनिज वाहणाऱ्या ट्रकवर. हा वाचताना मी मध्येच थांबून पाणी प्यालो. खाणी २०१२ मध्ये पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा ही चार वर्षांची. मग मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या, ट्रकचे हप्ते परत सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून ट्रक अंगणातच उभा राहिला. टायरांवर शेवाळ, टपावर कोंबड्या. डिचोली-साखळीकडे हे चित्र घरोघरी होतं, पण तिने ते चांगलं लिहिलं होतं.

तरी ताईला म्हटलं, हे जाणार नाही. तिला वाटलं मला वाईट वाटलं म्हणून म्हणतोय. मी हायलायटर घेऊन बसलो. भावोजींनी काय केलं ती वाक्यं पिवळी, भाचीने काय केलं ती हिरवी. पान पिवळंधमक झालं. हिरव्यात दोन वाक्यं, दोन्हीत ती ‘बघत होती’. निबंध वाचून भावोजींना प्रवेश द्यावासा वाटतो.

भाची रुसली. काही लिहायला तयार नाही. पाऊसही तसाच होता, संध्याकाळी लाईट गेली की रात्री येईल याचा भरवसा नाही.

३ ऑगस्ट

१ तारखेला यंदाचा अर्ज उघडला. ट्रकला जागा सापडली. ‘अडचणी आणि परिस्थिती’ असा वेगळा ऐच्छिक रकाना आहे, २५० शब्दांचा. घरची परिस्थिती, आजारपण, अभ्यासावर झालेला परिणाम हे तिथे लिहायचं. ‘अतिरिक्त माहिती’चा रकाना यंदा ६५० शब्दांवरून ३०० वर आणलाय. जुने व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ट्रक तिथे हलवला, पण शेवाळ आणि कोंबड्या काढून. या रकान्यात बातमीची भाषा लागते: कधी, काय झालं, उत्पन्नावर काय परिणाम, त्यामुळे मुलीला काय करावं लागलं. भावोजींना हे लिहिणंच पसंत नव्हतं. ‘घरचं दारिद्र्य अमेरिकेला कशाला सांगायचं?’ म्हणाले. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक तारीख दुरुस्त केली आणि ‘कर्ज’च्या जागी ‘बँकेचं कर्ज’ लिहायला लावलं, सावकाराचं वाटू नये म्हणून. मग हरकत घेतली नाही.

१७ ऑगस्ट

निबंध बाजूला ठेवून उपक्रमांची यादी घेतली. जास्तीत जास्त दहा नोंदी, प्रत्येक वर्णनाला १५० अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं, मोकळ्या जागाही त्यात धरून. भाचीने लिहिले तीनच: विज्ञान प्रदर्शन, एनएसएस, वक्तृत्व. बाकी काही करत नाही म्हणे.

मी आणि ताईने रात्री जेवताना नुसतं विचारत राहायचं ठरवलं. शनिवारी काय करतेस, आजीची औषधं कोण बघतं, लावणीच्या वेळी कोण उतरतं. यादीत ‘कौटुंबिक जबाबदारी’ असा चक्क एक प्रकार आहे, आणि पगारी कामाचाही. आजीची औषधं आणि डायबिटीसची वही यादीत गेली. धाकट्या दोघांची शिकवणी गेली. शेवटी आजीच म्हणाली, ‘आणि जत्रेच्या नाटकाक कोण बसता विंगेत?’

भाची आठवीपासून गावच्या जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सांगते. हे तिला ‘उपक्रम’ वाटलंच नव्हतं, कारण त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

७ सप्टेंबर

मध्ये चवथ. माटोळीचं सामान, पाहुणे, आरत्या, घुमटं, काम शून्य. हे धरूनच वेळापत्रक आखावं. चवथ आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या आसपास गोव्यात कुणाकडून खर्डा मागू नये.

प्रॉम्प्टिंगवरचा खर्डा आला आणि पुन्हा तीच गत, फक्त समुद्रकिनाऱ्याच्या जागी रंगभूमी. गोव्यातल्या मराठी नाटकाची परंपरा, जत्रा म्हणजे काय, संगीत नाटक म्हणजे काय, स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून नटी का आणतात, प्रॉम्प्टर म्हणजे काय. ती स्वतः विंगेत येऊन बसते तोवर ३४० शब्द संपलेले.

मी विचारलं, एवढं का समजावतेस? ‘त्यांना काहीच माहीत नसेल ना मामा.’ बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला आपली परंपरा शिकायची नाही. देवळासमोर बांधलेलं स्टेज आणि विंगेत वही घेऊन बसलेली मुलगी, एवढं कुणालाही दिसतं. बाकीचं लागेल तिथे, लागेल तेवढं.

१४ सप्टेंबर

आजचा दिवस सत्कारणी लागला. लॅपटॉप बंद करायला लावला, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, गेल्या जत्रेत काय झालं ते सांग, मैत्रिणीला सांगतेस तसं. अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत सांगितलं. लिहून काढलं ते असं:

तिची एक वही असते. नाटक छापील, पण ती ते हाताने उतरवून काढते, डाव्या बाजूला रुंद समास सोडून. तालमीच्या महिन्याभरात प्रत्येक नटाच्या सवयी त्या समासात येतात. ‘थांबतो, सांगू नको.’ ‘इथे हमखास अडतो.’ ‘पहिला शब्द पुरे.’ किल्लेदार करणारा काका कदंब बसवर कंडक्टर. तो वाक्याच्या मध्ये मोठा श्वास घेतो आणि तेव्हा सांगितलं तर चिडतो. नवीन पोराला पूर्ण वाक्य द्यावं लागतं, तेही आधीच, कारण अडल्यावर त्याला काही ऐकू येत नाही.

गेल्या वर्षीच्या ऐतिहासिक नाटकात ‘आता एकच मार्ग उरला’ हे वाक्य दोनदा होतं, दुसऱ्या अंकात आणि पुन्हा चार पानांनी. किल्लेदाराने पहिल्या वाक्यावर दुसऱ्याचं उत्तर दिलं. चार पानं गेली. त्या चार पानांत नटीचं आगमन होतं, तिचं पद होतं, आणि खलिता पकडला जातो तो प्रसंग होता. पुढच्या प्रवेशात त्याच खलित्यावरून नटीवर आरोप होणार, आणि प्रेक्षकांना कुठला खलिता ते माहीतच नाही. भाचीने एकदा मागचं वाक्य सांगून बघितलं. समोरून शिट्ट्या आणि टाळ्या, त्याला ऐकू गेलं नाही. दिग्दर्शक दुसऱ्या विंगेत, हातवारे करतोय, पडदा पाड म्हणून की नको म्हणून तेच कळेना.

तिने वहीचं शेवटचं पान फाडलं, एक वाक्य लिहिलं आणि भालदाराच्या हातात दिलं. भालदार म्हणजे दहावीतला मुलगा, अख्ख्या नाटकात त्याला एकही वाक्य नाही. तो आत गेला, मुजरा केला आणि म्हणाला, ‘सरकार, खलिता सापडला. बाईसाहेबांच्या दालनात.’ किल्लेदार खरोखरच दचकला, आणि नाटक पुढे गेलं. पेटीवाले पद बुडालं म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. प्रवेश कापला गेला तरी नाईटचे पैसे पूर्ण घेणार असं नटीने सांगून टाकलं आणि तिच्याशी भांडायला कमिटीने भाचीलाच पुढे केलं, कारण ‘कापलं तिनेच’.

ही गोष्ट तिच्या लेखी खर्ड्यात एका वाक्यात होती: ‘अनेकदा अनपेक्षित समस्या उद्भवतात आणि मी त्या सोडवते.’

२८ सप्टेंबर

रेकॉर्डिंगवरून तिने इंग्रजीत लिहिलं, ९०० च्या वर गेलं. कापाकापी सुरू. इथे एक गोष्ट स्पष्ट ठरवून घेतली. मी वाक्य लिहून देणार नाही. मी फक्त तीन गोष्टी करणार: कंटाळा आला तिथे रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि खोटं वाटलं तिथे फुली. अर्ज पाठवताना ‘हे माझंच काम आहे’ अशी सही करावी लागते. २०२३ पासून कॉमन ॲपच्या फसवणुकीच्या नियमांत एआयने लिहिलेला मजकूर आपला म्हणून देणंही आलंय. तिच्या वर्गातल्या एकाने चॅटबॉटकडून लिहून घेतलेला निबंध दाखवला. गुळगुळीत आहे. त्यात कंडक्टर नाही, नाईटचे पैसे मागणारी नटी नाही, वाचून उठल्यावर एकही माणूस आठवत नाही.

पहिल्या परिच्छेदाचा प्रश्न समासाने सोडवला. निबंध आता त्या तीन शेऱ्यांनीच सुरू होतो. प्रॉम्प्टर म्हणजे काय हे सांगणारा परिच्छेद त्यामुळे आपोआप गेला, ८० शब्द वाचले. खलिता म्हणजे नुसतं ‘पत्र’ केलं. भालदार ‘पहारेकरी’ झाला. जत्रेला अर्धं वाक्य.

१९ ऑक्टोबर

आठवडा फुकट. भाचीने खर्डा ट्यूशनच्या इंग्रजीच्या सरांना दाखवला. माणूस मनापासून मदत करणारा, पण त्यांनी साध्या शब्दांच्या जागी भारदस्त शब्द घातले, ‘पान फाडलं’चं ‘तात्कालिक उपाययोजना अमलात आणली’ अशा धर्तीचं काहीतरी केलं आणि शेवटी नेतृत्वावर परिच्छेद जोडला. भाचीला ते आवडलं, कारण शाळेत अशाच इंग्रजीला गुण मिळतात. दोन्ही प्रती तिला मोठ्याने वाचायला लावल्या. सरांच्या प्रतीत ती दोनदा अडखळली आणि एका शब्दाचा अर्थ तिला सांगता येईना. जुनी प्रत परत आणली. सरांनी पकडलेल्या क्रियापदांच्या दोन चुका मात्र खऱ्या होत्या, त्या ठेवल्या.

आज रात्री गावात नरकासुर. पहाटेपर्यंत कोणी सापडायचं नाही.

१ नोव्हेंबर

बऱ्याच कॉलेजांची लवकरची मुदत आज. आम्ही ती घेतली नाही. ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असतं, प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. किती मदत मिळेल याची तुलना करायला जागा उरत नाही. पैशाचा प्रश्न असलेल्या घराने हे दहादा विचार करून करावं.

शेवटावर वाद. भाचीचा शेवट: पडद्यामागे राहूनही नेतृत्व करता येतं हे मी शिकले. माझी फुली. ‘मग वाचणाऱ्याला कळणार कसं?’ कळतं. ज्याने कागद फाडण्यापर्यंत वाचलं त्याला नेतृत्व हा शब्द कशाला हवा? पण नुसतं कापून चालत नव्हतं, निबंध पायरी चुकल्यासारखा संपत होता. शेवटी तिनेच नटीचं भांडण शेवटाला नेलं. कमिटीपुढे उभं राहून ती म्हणाली की प्रवेश मी कापला, बाईंनी नाही, तेव्हा पैसे पूर्ण द्या. दिले. मला हे माहीतच नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये तिने ते सांगितलं नव्हतं, कारण कमिटीत मोठे काका होते.

शब्द ६३१.

२३ नोव्हेंबर

मुख्य निबंध झाला म्हणजे झालं, असं समजू नका. बऱ्याच कॉलेजांचे स्वतःचे छोटे प्रश्न असतात, बहुधा ‘आमचंच कॉलेज का?’ या धर्तीचे, १०० ते २५० शब्दांत. पहिल्या फेरीत सगळीकडे ‘उत्कृष्ट प्राध्यापक आणि सुंदर परिसर’. कॉलेजचं नाव बदललं तरी वाक्य तसंच चालतं का, एवढं बघायचं. चालत असेल तर काढायचं. एका ठिकाणी तिने ध्वनिशास्त्राचा कोर्स शोधला आणि उघड्या मैदानावर विंगेतून सांगितलेलं नटाला कुठपर्यंत ऐकू जातं, असा प्रश्न घातला. तेवढं एक उत्तर मला खरं आवडलं. बाकीची बरी आहेत.

तिची पेडण्याची मैत्रीण ब्रिटनला अर्ज करतेय. तिने भाचीचा निबंध नमुना म्हणून मागितला. तिथे तो चालणार नाही. २०२६ च्या प्रवेशापासून यूकॅसने, म्हणजे तिथल्या सामाईक अर्जाच्या संस्थेने, एकसंध निवेदनाऐवजी तीन प्रश्न केलेत, मिळून ४००० अक्षरं, प्रत्येकाला किमान ३५०. हा विषय का शिकायचा, शाळेच्या अभ्यासाने काय तयारी झाली, शाळेबाहेर काय केलं. त्यांना विषयावर बोलणारा विद्यार्थी हवा. जत्रेची रात्र तिथे फार तर दोन ओळी.

१४ डिसेंबर

पैशाची नोंद. आर्थिक मदतीसाठी बऱ्याच कॉलेजांना ‘सीएसएस प्रोफाइल’ हा घरच्या पैशाचा तपशील देणारा फॉर्म लागतो: पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. अर्जाची फी वेगळी. पण काही कॉलेजं ती घेतच नाहीत आणि काही मागितल्यावर माफ करतात. ईमेल करून विचारावं, लाजू नये. एका ठिकाणी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी माफीचा कोड आला. ताईच्या डेबिट कार्डावर पैसे भरायला गेलो तर नाकारलं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये बंद असतात, आधी सुरू करून घ्यावे लागतात. वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क.

शाळेत समुपदेशक नाहीत. शाळेचा अहवाल प्राचार्यांनाच भरावा लागला आणि त्यांनी हा फॉर्म पहिल्यांदाच बघितला. त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक रकाना समजावून घेण्यात दोन दुपारी गेल्या. शिक्षकांना पत्रासाठी सप्टेंबरातच विचारलं होतं म्हणून निभावलं.

२८ डिसेंबर

निबंध फॉर्ममध्ये चिकटवला, परिच्छेद एकमेकांत मिसळले. पाठवण्याआधी पीडीएफ प्रीव्ह्यू उघडून शब्दन् शब्द वाचावा. आम्हाला तिथे एक अर्धवट वाक्य सापडलं, कापाकापीत शेपूट राहिलेलं. एका कॉलेजला पाठवल्यानंतरही पुढच्यासाठी निबंध बदलता येतो. म्हणून जिथे आशा सगळ्यात कमी तिथे आधी पाठवला.

मुदत १ जानेवारी किंवा आसपास, रात्री ११:५९ पर्यंत. वेळ अर्ज करणाऱ्याच्या ठिकाणची धरतात. अमेरिकेत अजून दिवस आहे म्हणून साडेदहा तास जास्त मिळतील, असा हिशोब वर्गातल्या एकाने केला होता. त्याला वेळेत सांगितलं.

४ जानेवारी २०२६

सगळे अर्ज गेले. निकाल मार्चअखेर. तोवर बोर्डाची परीक्षा. प्रवेश आला तरी ते गुण लागणारच आहेत, त्यामुळे मी ताईला लॅपटॉप कपाटात ठेवायला सांगितलंय.

राहिलेलं काम एकच: पहिल्या सत्राचे गुण शाळेकडून ‘मिड-इयर रिपोर्ट’ म्हणून जायला हवेत. प्राचार्यांचा पासवर्ड ऑफिसातल्या क्लार्ककडे आहे. क्लार्क रजेवर, उद्या येणार.